आई विसरते, बाबा का नाही?

प्रश्न : आम्ही बोईसरला राहतो. आई ७२ वर्षांची, बाबा ७७. बाबांनी तारापूर एमआयडीसीत कपड्याच्या कारखान्यात उभी हयात पाळ्या केल्या. ऐकू कमी येतं, पण कुणाकडून किती येणं आहे ते अजून तोंडपाठ. आईचं मात्र दोन वर्षांपासून बिनसलंय. दूध उतू जातं, गॅस तसाच राहतो, नातवाला माझ्या भावाच्या नावाने हाक मारते, एकच गोष्ट दहादा विचारते. आत्या म्हणते, "साठी बुद्धी नाठी, त्यात बाईमाणूस." मेंदूत रोगाशी लढणाऱ्या वेगळ्या पेशी असतात आणि त्या बायकांत नि पुरुषांत वेगळ्या वागतात, असं मी वाचलं. खरं का? आणि इथल्या हवेचा किंवा अणुकेंद्राचा त्याच्याशी काही संबंध?
(एक वाचक, बोईसर)

उत्तर : आधी आत्याबाईंची म्हण तपासू, कारण तिचा पहिला अर्धा भाग सरळ चुकीचा आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. 'लासी' या नावाने ती ओळखली जाते. त्यातल्याच साठी ओलांडलेल्या सुमारे चार हजार जणांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती पुढे बारकाईने तपासली गेली. २०२३ मध्ये त्यावरून अंदाज निघाला की साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंश आहे. आकडा लहान नाही. पण शंभरातल्या ब्याण्णव-त्र्याण्णव जणांची बुद्धी साठीनंतरही ठिकाणावर असते, हेही तोच आकडा सांगतो. तेव्हा आईचं जे चाललंय ते 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

'त्यात बाईमाणूस' हे शेपूट आत्याबाईंनी पदरचं जोडलंय, आणि गंमत म्हणजे तथ्य आहे ते त्यातच. याच पाहणीत स्मृतिभ्रंश पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळला, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. अमेरिकेत अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या मुख्य प्रकाराच्या, दर तीन रुग्णांमागे दोन स्त्रिया आहेत. १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या इस्पितळात अलॉइस अल्झायमर यांनी ज्या पहिल्या रुग्णाची नोंद ठेवली, तीही ५१ वर्षांची एक बाईच. याचं एक सोपं उत्तर बरीच वर्षं पुरवलं गेलं : बायका जास्त जगतात आणि हा आजार म्हातारपणाचा आहे. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी धोका साधारण दुप्पट होतो, हे खरंच. पण या उत्तराने सगळा फरक भागत नाही. तुम्ही वाचलेल्या पेशींचा विषय इथून सुरू होतो.

त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. १९१९ मध्ये माद्रिदच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारात रंगवले, तेव्हा या बारीक, फांद्या फुटलेल्या पेशी पहिल्यांदा नीट वेगळ्या दिसल्या. मेंदूतल्या दर दहा पेशींमागे साधारण एक यांची. त्या मूळच्या मेंदूच्या नव्हेतच. गर्भ जेमतेम महिना-सव्वा महिन्याचा असतो तेव्हा गर्भाबाहेरच्या पीतक पिशवीतून त्या आत शिरतात आणि तिथेच वस्ती करतात. पुढे रक्तातून त्यांची नवी भरती जवळपास होत नाही. आहेत त्याच विभागून नव्या होतात, तेही सावकाश. १९५०-६० च्या दशकांत अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेत सोडलेला किरणोत्सारी कार्बन माणसांच्या पेशींत उतरला होता. त्याच्या मापावरून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मायक्रोग्लियाचं वय काढलं. सरासरी निघाली चार वर्षांच्या थोडी वर, पण काही पेशी वीस वर्षांहूनही जुन्या. तुलनेला, रक्तातल्या तांबड्या पेशी चारेक महिन्यांत बदलतात.

पूर्वी समज असा की काही बिघडेपर्यंत या पेशी झोपलेल्या असतात. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या कवटीचा भाग खरवडून पातळ केला आणि त्यातून सूक्ष्मदर्शकाने आत पाहिलं. तेव्हा दिसलं, त्यांच्या फांद्या एक क्षण स्थिर नाहीत. सगळा मेंदू त्या काही तासांत चाचपून काढतात. मेलेल्या पेशी उचलणं, जंतूंशी झगडणं, वाढत्या वयात मज्जापेशींचे नको असलेले सांधे छाटणं, अल्झायमरमध्ये साचणारी ॲमिलॉइडची पुटं खाणं, ही सगळी कामं त्यांची. २०१३ मध्ये आइसलँडच्या लोकांच्या जनुकांवरून निघालं की या पेशींवरच्या ट्रेम-२ नावाच्या ग्राहकात एक विशिष्ट दोष असला की अल्झायमरचा धोका जवळजवळ तिप्पट होतो. तोवर त्यांना बघ्यांत धरणारे बरेच जण होते. त्यानंतर ती सोय राहिली नाही.

वय झालं की या पेशी दारातल्या म्हाताऱ्या कुत्र्यासारख्या होतात : वाऱ्याने पान हललं तरी भुंकायचं, आणि चोर आला तर उठायचं नाही. म्हणजे दाहाची रसायनं जरा कशाने जास्त सोडतात, पण कचरा उचलायचं मुख्य काम ढिलं पडतं. फ्लोरिडातल्या वोल्फगांग श्ट्राइट यांना म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूत फांद्या तुटलेल्या, गाठाळलेल्या मायक्रोग्लिया दिसल्या. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांत यांच्या पोटात चरबीचे थेंब साठतात, आणि थेंब साठलेल्या पेशींना गिळणं जमत नाही.

आता बाई आणि पुरुष. फरक जन्माआधीपासूनचा आहे. उंदीर-घुशींवरच्या कामातून दिसलं की नराच्या गर्भात टेस्टोस्टेरॉन वाढलं की मेंदूच्या एका भागात मायक्रोग्लिया विशिष्ट रसायनं सोडतात, आणि त्यामुळे तो भाग 'नराचा' घडतो. म्हणजे या पेशी मेंदूच्या घडणीतच हात घालतात. २०१८ मध्ये मिलानच्या गटाने मादी उंदरांच्या मायक्रोग्लिया काढून नरांच्या मेंदूत बसवल्या. नव्या घरी जाऊनही त्या मादीच्याच राहिल्या, आणि त्या नरांना मेंदूचा झटका दिला तेव्हा नुकसान कमी झालं. पण अल्झायमरसाठी घडवलेल्या उंदरांत चित्र उलटं दिसलं. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांना २०१९ मध्ये आढळलं की ॲमिलॉइडला तोंड देताना माद्यांच्या मायक्रोग्लिया दाहाच्या अवस्थेत नरांपेक्षा लवकर जातात. तारुण्यात जे बळ, तेच म्हातारपणी डोईजड, असं काहीसं.

इथे जरा रागाने एक सांगतो. ही माहिती इतकी उशिरा का आली? कारण मेंदूशास्त्रात कितीतरी वर्षं प्रयोगाचा उंदीर म्हणजे नर उंदीर. २००९ मधल्या शोधनिबंधांची मोजदाद झाली, तर फक्त नरांवरचे प्रयोग फक्त माद्यांवरच्या प्रयोगांच्या पाचपटीहून जास्त निघाले. कारण काय, तर माद्यांचं संप्रेरकांचं चक्र मोजमापात लुडबूड करतं! त्यामुळे वेदनेचं उदाहरण पाहा. मज्जातंतू दुखावल्यावरचं जुनाट दुखणं मायक्रोग्लिया टिकवून धरतात, हे शास्त्रज्ञांनी पक्कं धरलं होतं. २०१५ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये माद्यांवर तोच प्रयोग केला, तर त्यांच्या दुखण्याचा रस्ता वेगळ्याच पेशींतून जात होता. अमेरिकेच्या आरोग्य संस्थेने दोन्ही लिंगांचा विचार सक्तीचा केला तो २०१६ मध्ये. २०२३ मध्ये तिकडे मंजूर झालेल्या लेकॅनेमॅब या अल्झायमरच्या औषधाने आजाराची उतरण एकंदरीत २७ टक्क्यांनी मंदावली. पण आकडे वेगळे केले तर पुरुषांत ४३ टक्के आणि स्त्रियांत १२. ती चाचणी हा फरक मोजायला आखलेली नव्हती, तेव्हा त्यावर शपथ घेऊ नये. तरी हा आकडा बघून भुवया उंचावल्याशिवाय राहत नाहीत.

पन्नाशीच्या आसपास बाईच्या शरीरात जो बदल होतो त्याचाही यात वाटा आहे. इस्ट्रोजेन मायक्रोग्लियांना शांत ठेवतं, आणि पाळी गेली की तो लगाम सुटतो. आपल्याकडे पाळी पंचेचाळिशीच्या पुढेमागे जाते, पाश्चात्य देशांपेक्षा बरीच लवकर. शस्त्रक्रियेने तरुणपणीच अंडाशयं काढलेल्या बायकांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त दिसला, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००७ च्या अभ्यासातलं. बीडच्या ऊसतोड मजूर बायकांची गर्भाशयं काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं, ते आठवा. त्यातल्या बऱ्याच बायका तरुण होत्या. तुमच्या आईची अशी शस्त्रक्रिया झाली असेल आणि त्यात अंडाशयंही काढली असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मग गोळीने इस्ट्रोजेन परत द्यावं? हा विचार फार जणांना सुचला. अमेरिकेत पासष्टीपुढच्या साडेचार हजार बायकांवर तो करून पाहिला, आणि २००३ मध्ये निकाल आला तो उलटा. संप्रेरकं घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाच्या ४० केसेस, न घेणाऱ्यांत २१. बहात्तराव्या वर्षी स्मरणशक्तीसाठी ही गोळी सुचवणारा कुणी भेटला तर हात जोडून उठा.

बाईकडे एक्स गुणसूत्रं दोन असतात, पुरुषाकडे एक. दोनपैकी एक पेशीपेशीत गप्प केलं जातं, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. पण गप्प केलेल्या एक्सवरची काही जनुकं तरीही बोलत राहतात, त्यांत प्रतिकारशक्तीची काही आहेत. म्हणून संधिवातासारखे शरीर स्वतःवरच उलटण्याचे आजार बायकांत जास्त. पण यालाही दुसरी बाजू आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या डीना दुबाल यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की अल्झायमरच्या उंदरांत दुसरं एक्स उलट मेंदूला तारतं. 'बाईचा मेंदू कच्चा' असा निष्कर्ष यातून काढू पाहणाऱ्याला हे दुसरं एक्स सुखाने जगू देत नाही. शिवाय यातलं बरंच उंदरांचं आहे. २०१७ मध्ये माणसाच्या मायक्रोग्लियांची जनुकं तपासली, तेव्हा वयानुसार होणारे त्यांचे बदल उंदरांशी थोडेच जुळले.

आता मी तुम्हाला उलट प्रश्न विचारतो. आई शाळेत किती वर्षं गेली?

तुमच्या पत्रात ते नाही, आणि डॉक्टरही पुष्कळदा विचारत नाहीत. पण पालघर जिल्ह्यात आज सत्तरीत असलेल्या बायकांच्या बाबतीत माझ्या मते मायक्रोग्लियाआधी विचारायचा प्रश्न हाच. लिहिणं-वाचणं, हिशेब, नव्या गोष्टी शिकणं यांनी मेंदूत एक शिल्लक साठते. पुढे पेशी बिघडल्या तरी ती शिल्लक बरीच वर्षं पुरते. मुलगा शाळेत आणि मुलगी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी, अशी वाटणी झाली तिथे ती शिल्लक मुलीच्या वाट्याला आलीच नाही. भारतात बाई-पुरुषांमधली तफावत पाश्चात्य देशांपेक्षा ठळक दिसते, तिच्यात या वाटणीचा मोठा हात आहे. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली. ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यात कमी शिक्षण आहे, मधुमेह आहे, रक्तदाब आहे, एकटेपण आहे, दूषित हवा आहे. आणि कमी ऐकू येणंही आहे, म्हणजे बाबांकडेही दुर्लक्ष नको.

शिक्षणाचा दुसरा घोळ तपासणीतच होतो. न शिकलेल्या बाईला 'आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा' असं विचारलं की ती नापास, आणि कागदावर लगेच 'स्मृतिदोष'. सातपाटीच्या मासे विकणाऱ्या आजीला तारीख विचारू नका, आज उधाण की भांग ते विचारा. टोपल्यातल्या पापलेटांचा भाव करून पाहा. मोखाड्याच्या बाईला आठवड्याचा बाजार कुठल्या दिवशी ते विचारा. हरियाणात बल्लभगडला नव्वदीच्या दशकात निरक्षर खेडुतांसाठी मुद्दाम वेगळी प्रश्नावली बेतली होती, ती याच अडचणीपायी. आईला नेताना डॉक्टरांना सांगा की ती पूर्वी काय काय करायची आणि आता त्यातलं काय चुकतं. दुसऱ्या कुणाशी तिची तुलना करण्यापेक्षा कालच्या तिच्याशी केलेली तुलना जास्त खरी बोलते.

हवेबद्दल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं, आणि हा पहिला नंबर मिरवायचा नव्हता. सांडपाण्याने खाड्या नि समुद्र नासतोय म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादापर्यंत गेली. त्या निर्देशांकात हवा, पाणी, जमीन सगळं एकत्र आहे, त्यामुळे त्यावरून कुणाच्या मेंदूचं निदान होत नाही. पण हवेतले अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसातून रक्तात उतरतात, त्यातले अतिबारीक नाकातल्या गंधाच्या तंतूंवाटे थेट मेंदूकडेही जाऊ शकतात, आणि मायक्रोग्लिया त्यांना शत्रूच समजतात. एक गोष्ट मात्र पत्रात सुटली आहे : चूल. आईने किती वर्षं लाकडाच्या धुरात फुंकणी मारली? चुलीच्या धुरात हेच बारीक कण असतात, तेही तोंडासमोर, आणि आपल्याकडे ते पुरुषांपेक्षा बायकांच्याच छातीत जातात. 'लासी'च्या माहितीवर झालेल्या अभ्यासांत अशा इंधनावर स्वयंपाक करणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि आकलन कमी भरलं. कारखान्यांतून रात्री येणाऱ्या वासाबद्दल तक्रार जरूर करा. पण अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल अजून पेटत असेल, तर ती आजच विझवता येईल.

अणुकेंद्राची भीती तारापुरात १९६९ पासून म्हणजे पहिल्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्यापासून आहे. किरणांनी मायक्रोग्लिया खवळतात, हे खरं आहे. कर्करोगासाठी डोक्यावर किरणोपचार घेतलेल्यांची स्मरणशक्ती मंदावते त्यात त्यांचा वाटा असतो. पण मात्रेकडे बघा. त्या उपचारात मेंदूला ३० ग्रेच्या आसपास मात्रा मिळते, म्हणजे ३०,००० मिलिसीव्हर्ट. अणुकेंद्रामुळे सामान्य माणसाला मिळू शकणाऱ्या मात्रेवर मर्यादा आहे वर्षाला १ मिलिसीव्हर्टची. जमीन, खडक, आकाश यांतून आपण सगळे त्याहून जास्त घेतोच. आईच्या विसरण्याचा दोष तिथे टाकायला मला कारण दिसत नाही.

आता लगेच करायचं ते. रक्तातलं बी-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब; उदास राहते का, रात्री झोपते का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. यांतलं काही सापडलं तर विसरणं औषधाने सुधारूही शकतं. काही सापडलं नाही तर मेंदूविकारतज्ज्ञ. गॅसला आपोआप बंद होणारी शेगडी बसवा. आणि नातवाचं नाव चुकलं की घरात हसू नका. तिला ते कळतं.

प्रश्न : माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या, अगदी ठणठणीत. मागच्या महिन्यात दोन दिवसांत एकदम बरळायला लागल्या. वारलेल्या मोठ्या जाऊबाईंशी बोलायच्या, रात्रभर उठून दार उघडायच्या. ताप नव्हता. शेजारी म्हणाले, बाहेरचं आहे, भगताला दाखवा. दवाखान्यात लघवीचा संसर्ग निघाला आणि औषधाने पाच दिवसांत पहिल्यासारख्या झाल्या. लघवीचा नि डोक्याचा काय संबंध?
(एक सून, पालघर)

उत्तर : दवाखान्यात नेलंत, फार बरं केलंत. याला डिलिरियम म्हणतात, आणि म्हाताऱ्या माणसात तो हृदयाच्या झटक्याइतकाच तातडीचा समजावा. शरीरात कुठेही संसर्ग झाला की रक्तातली दाहाची रसायनं मेंदूला खबर देतात. तरुणपणी त्याने अंग मोडून येतं, भूक जाते, झोपावंसं वाटतं, तेवढ्यावर भागतं. म्हातारपणी मायक्रोग्लिया आधीच टेकीला आलेल्या असतात, त्या खबरीने भडकतात आणि लक्ष, भान, दिवस-रात्र सगळ्याचा गोंधळ होतो. साउदॅम्प्टनच्या ह्यू पेरी यांच्या गटाने अल्झायमरच्या रुग्णांवर पाळत ठेवली होती. अधूनमधून संसर्ग किंवा दुखापत झालेल्यांची स्मरणशक्ती पुढच्या सहा महिन्यांत जास्त वेगाने घसरल्याचं त्यांनी २००९ मध्ये नोंदवलं. हाड मोडलं, न्यूमोनिया झाला, शस्त्रक्रिया झाली, शौचाला झालं नाही, अंगातलं पाणी कमी झालं, नवी झोपेची गोळी सुरू झाली, यातलं काहीही पुरतं. बायकांचा मूत्रमार्ग आखूड, त्यात पाळी गेल्यावर तिथली त्वचा नाजूक होते, म्हणून लघवीचा संसर्ग त्यांच्यात जास्त. आणि ऐंशीच्या पुढे ताप येईलच असं नाही.

ओळखायचं कसं? स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्याने येतो, हा तासातासाने. सकाळी बऱ्या, दिवेलागणीला भ्रमिष्ट. कधी उलट नुसत्याच गुंगीत पडून राहतात, आणि घरच्यांना वाटतं, चला, शांत झोपल्या. ते जास्त फसवं असतं. अशा वेळी चष्मा आणि कानाचं यंत्र लावून ठेवा, घोटघोट पाणी द्या, खोलीत मंद दिवा असू द्या, ओळखीचं माणूस हात धरून बसू द्या. बांधून ठेवू नका आणि मनाने झोपेची गोळी देऊ नका. सासूबाई बऱ्या झाल्या तरी पुढचं वर्षभर त्यांच्या विसरण्यावर नजर असू द्या, कारण एकदा डिलिरियम झालेल्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला दिसतो. मदतीला घरात कुणी नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी मदतवाहिनी आहे.

प्रश्न : नागिणीची लस घेतली की विसरण्याचा आजार होत नाही, असा संदेश फिरतोय. आमच्या घरी आजी आहे. घ्यावी का?
(एक वाचक, तारापूर)

उत्तर : व्हॉट्सॲपवर आलेलं असूनही यात खरं बरंच आहे, हे जरा अपवादाने घडतं. वेल्स देशात १ सप्टेंबर २०१३ ला नागिणीची लस सुरू झाली तेव्हा नियम असा होता : २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिळेल, त्याआधीच्यांना कधीच नाही. त्यामुळे आठवडाभराच्या फरकाने जन्मलेली, बाकी सगळ्या बाबतीत सारखीच माणसं आपोआप दोन गटांत पडली. मुद्दाम ठरवून असा प्रयोग करणं कठीणच. सात वर्षांनंतर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे एकपंचमांशाने कमी निघाला. हे २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. पण संदेशात जे सांगत नाहीत ते असं, की हा फायदा मुख्यतः स्त्रियांत दिसला. नागीण स्त्रियांना जास्त होते, आणि लशीला त्यांचं शरीर जास्त जोरात उत्तर देतं, ही दोन कारणं सुचवली जातात. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू आयुष्यभर मज्जातंतूंच्या मुळाशी दडून असतो. तो डोकं वर काढतो तेव्हा मेंदूतला दाह वाढत असावा. लशीने एकूण प्रतिकारशक्तीच सुधारत असावी, असंही काही जण म्हणतात.

वेल्समधली लस जुन्या प्रकारची होती. २०२३ पासून आपल्याकडे मिळते ती नवी, पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोसांची, आणि किंमत काही हजारांत. सरकारी दवाखान्यात ती मोफत नाही. पैसे असतील तर नागीण टाळण्यासाठी म्हणून जरूर घ्या. मेंदूला फायदा झाला तर तो वर. पैसे मोजूनमापून खर्चावे लागत असतील तर आधी आजीचा मोतीबिंदू, कान, साखर आणि रक्तदाब बघा.

नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो, ही समजूत अजून गावोगाव आहे. टोकं जुळत नाहीत, कारण पुरळ एका मज्जातंतूच्या पट्ट्यात म्हणजे अंगाच्या एकाच बाजूला येतो. त्यावर मंत्र मारून घेण्यात किंवा गेरू लावण्यात तीन दिवस जातात, आणि विषाणूविरोधी गोळ्यांचा खरा उपयोग पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तरच होतो. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा पापणीवर फोड दिसले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.